भिंतीवरची पाचवी जागा

व्हर्ला ट्याडेनला नम्रपणा कुणी शिकवला नाही, आणि शिकवायला कुणी गेलं असतं तर तिने त्यालाच चार गोष्टी सुनावून परत पाठवलं असतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या टिमन्स क्रीकमध्ये माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत. मका छातीवर आला तरी 'यंदा बरा आहे' म्हणतात, पोरगी डॉक्टर झाली तरी 'शिकतेय आपली' म्हणतात. अशा गावात ही बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहाटे माझ्या कॅफेत येते, पुरुषांच्या टेबलापाशी खुर्ची ओढते आणि सांगते, "या गावात बास्केटबॉलमध्ये माझ्यासारखी गार्ड झाली नाही. होणारही नाही, कारण तो खेळच बंद पडला."

मी लव्हॉन. कॅफे माझं आहे, कॉफी मी ओतते, त्यामुळे ते टेबल जे बोलतं ते मला ऐकावंच लागतं. त्या टेबलाची एक रीत आहे. चामडी पेल्यात फासे खुळखुळवायचे, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे भरायचे आणि जिंकेल त्याने त्या दिवशीचा वाद काढायचा. वाद काढायचा म्हणजे काय, तर एकच. बास्केटबॉलमधला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण, आणि त्याच्या खाली कोण, आणि त्याच्या खाली कोण. हवामान, डुकरांचा भाव आणि पाद्रीबाबांचं लांबलेलं प्रवचन यांना तिथे कुणी विचारत नाही.

ड्वेन हार्बर्ट्स जिंकला की जॉर्डन. ड्वेनने आयुष्यभर डुकरं पाळली आणि आता मुलाच्या हाती धंदा देऊन फक्त आवाज पाळतो. त्याचं म्हणणं साधं : खेळ गुणांचा आहे, ज्याने घातले तो मोठा. मेरिट मास्तर जिंकले की रसेल. मास्तरांनी गावातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं. ते चष्मा पुसत सांगतात, "ड्वेन, रसेलने अकरा वेळा अजिंक्यपद जिंकलं. तो समोरच्याला बास्केट करू देत नव्हता. अडवणं हासुद्धा हिशेब आहे." मग ड्वेन म्हणतो, "चेंबरलेनने एका सामन्यात शंभर केले, तेव्हा तुमचा हिशेब कुठे गेला होता?" मग मास्तर म्हणतात, रसेल त्या सामन्यात समोर नव्हता. हे तीस वर्षं चाललंय. पालथ्या घड्यावर मी इतकी कॉफी ओतली आहे की तिचं डबकं झालं असतं.

आणि व्हर्ला जिंकली की व्हर्ला.

तिचं दुखणं समजायचं तर आयोवातल्या मुलींचा जुना खेळ माहीत हवा. एका संघात सहा पोरी. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणीही ओलांडायची नाही. चेंडूचे दोनच टप्पे, मग पास नाहीतर शॉट. गुण फक्त फॉरवर्डने करायचे. गार्डने समोरच्यांच्या फॉरवर्डना अडवायचं, चेंडू हिसकायचा, रेषेपलीकडे आपल्या पोरींना द्यायचा आणि मग कमरेवर हात ठेवून लांबून बघत बसायचं. व्हर्लाने शाळेची सगळी वर्षं अशी काढली आणि सामन्यात बास्केटकडे एकदाही चेंडू टाकला नाही.

त्यामुळे वर्तमानपत्रात फॉरवर्डच्या नावापुढे गुण छापून यायचे आणि गार्डच्या नावापुढे फक्त फाऊल. ड्वेनने एकदा ग्रंथालयातून जुने अंक शोधून काढले आणि टेबलावर जाहीर केलं की पुराव्यानिशी सांगतो, व्हर्ला ही गावाच्या इतिहासातली सगळ्यांत धटिंगण खेळाडू आहे. व्हर्लाने कागद ओढून बघितला आणि म्हणाली, "यात डंबार्टनचा सामना नाही. तिथे आणखी चार होते."

हसण्यावारी नेलं तिने, पण त्या दिवशी दालचिनी रोल अर्धा टाकून गेली, आणि अन्न टाकणाऱ्यातली ती बाई नव्हे.

शाळा संपल्यावर तिने गेरहार्टशी लग्न केलं, तीन मुलं वाढवली, आणि गेरहार्ट गेल्यावरही शाळेची बस चालवत राहिली. तिच्या बसमध्ये मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा ताठ बसायचं. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसून ती बेसूर गाते आणि ऑर्गनवालीलाच चुकीची ठरवते. नाकावर माशी बसू देत नाही. पण तिचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. एका उन्हाळ्यात ड्वेनचा रानगट वळू डुक्कर सुटून भर रस्त्यात आला. माणसं ट्रक आडवे लावत होती, ड्वेन दोरी घेऊन घाम गाळत होता. व्हर्ला बसमधून उतरली, गुडघे वाकवले, हात पसरले आणि त्या धुडासमोर उभी राहिली. ते डावीकडे सरकलं की ही डावीकडे, उजवीकडे सरकलं की ही उजवीकडे, अंगाला हात न लावता. ते बिचारं शेवटी कंटाळून स्वतःच्या पायांनी ट्रेलरमध्ये चढलं. ड्वेनने आभार मानले नाहीत. म्हणाला, त्याला भूक लागली असावी.

तर यंदा हिवाळ्यात गावाने ठरवलं की शाळेच्या जुन्या जिमच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाच्या, बाहेरच्या भिंतीवर गावच्या पाच सर्वश्रेष्ठ खेळाडूंची चित्रं काढायची. शाळा केव्हाच दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली, जिममध्ये आता लग्नं आणि सूपच्या पंगती होतात, पण भिंत मोठी आहे आणि रस्त्यावरून दिसते. निवड कुणी करायची? अर्थात त्याच टेबलाने, आणि अध्यक्ष ड्वेन. चार नावं आठवड्यात ठरली. पाचव्या जागेसाठी दोन नावं उरली. एक रॉडनी आयलर्स, चांगला उंच फॉरवर्ड, खंडीभर गुण, आता डे मॉइनला विमा विकतो. दुसरं नाव व्हर्लाने स्वतः सुचवलं.

"स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, व्हर्ला," ड्वेन म्हणाला.

"मग तू दे."

"मी रॉडनीचं दिलंय."

"रॉडनी बिचारा मेला तरी डे मॉइनच्या पेपरात चार ओळी येतील. मला ती भिंत पाहिजे, ड्वेन. सरळ सांगते, लाज नाही वाटत. माझ्या नावापुढे कागदावर फक्त फाऊल आहेत. माझ्या नातवंडांनी काय वाचायचं, आजी लोकांना ढकलायची?"

आमच्याकडे कुणी असं मागत नाही. मास्तर चष्मा पुसायला लागले.

"व्हर्ला, अडचण आकड्यांची आहे गं," ते हळूच म्हणाले. "रॉडनीचे आकडे आहेत. तुझे नाहीत. मोजायचं कशानं?"

व्हर्ला त्यांच्याकडे वळली. वळू डुकरासमोर उभी राहिली होती तशीच.

"मास्तर, रसेल का मोठा?"

"तो वेगळा—"

"का मोठा ते सांगा. तीस वर्षं ऐकतेय मी."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "तो समोरच्याला करू देत नव्हता."

"आणि ड्वेन, तुझा जॉर्डन. अडवण्यातही एका वर्षी तोच पहिला होता, ते तू कधी सांगत नाहीस. का बरं?"

"कारण कुणी विचारलं नाही," ड्वेन म्हणाला. कोंडीत सापडला की तो आवाज वाढवतो. "ठीक आहे, तू कुणाला अडवलंस? एक नाव सांग."

नाव सगळ्या गावाला माहीत होतं. मी कॉफीचं भांडं घेऊन आत जायला निघाले होते, ती तिथेच थांबले.

"तुझ्या बायकोला," व्हर्ला म्हणाली.

आर्लिस हार्बर्ट्स शेजारच्या ग्रांट सेंटरची. तिच्यासारखी फॉरवर्ड या भागात पुन्हा झाली नाही, रात्रीला चाळीस गुण सहज. त्रेसष्ट साली टिमन्स क्रीकविरुद्ध तिने नऊ केले आणि ग्रांट सेंटर स्पर्धेतून बाहेर पडलं. पुढे ती ड्वेनशी लग्न करून याच गावात आली. ड्वेनने तेव्हापासून गावाला सांगितलंय की त्या रात्री आर्लिसला ताप होता. तापाची ही गोष्ट आमच्याकडे चर्चच्या घंटेइतकी पक्की. व्हर्ला आणि आर्लिस एकमेकींना मान हलवून नमस्कार करायच्या, पण एका टेबलावर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

"ताप होता तिला," ड्वेन म्हणाला.

"मग आता उतरला असेल."

"हो, उतरलाय! घोडामैदान जवळच आहे. शनिवारी ये जिममध्ये. तिला अडवून दाखव, मग बोलू भिंतीचं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला लगेच कळलं की आपण बायकोला न विचारता तिला मैदानात उतरवलंय. त्याचा चेहरा इतका उतरला की मी त्याला न मागता अ‍ॅपल-पायचा तुकडा दिला. घरी काय झालं ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी आर्लिसचा मला फोन आला, आणि तिने एवढंच विचारलं की जिमची किल्ली कुणाकडे असते, तिला आधी थोडा सराव करायचाय.

शनिवारी दुपारी अर्धं गाव जिममध्ये. मी कॅफे बंद करून कॉफी तिथेच नेली. आर्लिस केस घट्ट बांधून, मुलाचे बूट घालून आली. व्हर्लाच्या एका गुडघ्यात नवीन सांधा आहे. तिने गुडघ्याला पट्टा बांधला आणि भिंतीशी टेकून कुरकुर करत पाय ताणत बसली. मला बोलावून म्हणाली, "लव्हॉन, मी हरले तर मला तुझ्या कॅफेत तोंड दाखवता येणार नाही."

"तू दाखवशील," मी म्हटलं.

"हो, दाखवीन म्हणा. पण भिंत जाईल." आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला ओळखते त्याला चाळीस वर्षं झाली, आणि हे पहिल्यांदा पाहिलं. मला तेव्हा ड्वेनच्या डोक्यात कॉफीचं भांडं घालावंसं वाटलं.

मास्तर पंच. अर्धं मैदान, दोन टप्पे, जुने नियम. पहिल्यांदा आर्लिसने एक टप्पा घेतला, खांदा फिरवला आणि पोरीच्या चपळाईने एका हाताने डोक्यावरून हुक शॉट मारला. चेंडू आत. ड्वेन बाकावर उभा राहिला. व्हर्लाने गुडघ्याला मोठ्यांदा शिवी दिली, पाद्रीबाबा समोर असताना. दुसऱ्यांदा तिने नुसती बोटं लावली, चेंडू कड्याला लागून बाहेर. तिसऱ्यांदाही बाहेर. दोघी धापा टाकत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. लांबून ऐकू येत नव्हतं, पण आर्लिस हसत होती.

चौथ्यांदा आर्लिसने दुसरा टप्पा घेतला आणि चेंडू परत तिच्या हातात आलाच नाही. तो व्हर्लाच्या हातात होता. व्हर्ला वळली आणि चालत सुटली. धावणं त्याला म्हणता येणार नाही, पण ती मधल्या रेषेपर्यंत गेली आणि थांबली.

समोर अख्खं अर्धं मैदान मोकळं. बास्केट तिथे लटकलेलं. लोक ओरडायला लागले, "जा, व्हर्ला! टाक! कोण अडवतंय?" ड्वेनसुद्धा ओरडला, त्याला राहवेना. तिच्या बुटाचं टोक रेषेला लागलं होतं. ती चेंडू छातीशी धरून उभी होती आणि इकडेतिकडे बघत होती, जसं काही तिकडे कुणीतरी असायला हवं होतं आणि अजून आलं नव्हतं.

"मला नाही जाता येत," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण ओरडा तोवर थांबला होता, सगळ्यांना ऐकू आलं. "मी गार्ड आहे. पलीकडे कुणाला तरी उभं करा ना."

तिच्याबरोबर खेळलेल्या फॉरवर्ड तिघीही आता कबरस्तानात आहेत. आम्हाला काय करावं कळेना.

आर्लिस तिच्या मागून आली, कमरेवर हात ठेवून, दम खात. तिच्या शेजारून गेली, रेषा ओलांडली, बास्केटखाली जाऊन वळली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे," आर्लिस म्हणाली. "मला काही ताप नव्हता, व्हर्ला. हे ड्वेनचं पिल्लू. मी त्याला कधी खोडून काढलं नाही, एवढी माझी चूक. त्या रात्री घरी जाऊन मी आईला सांगितलं होतं, ही पोरगी माझ्या संघात असती तर आपण राज्यस्पर्धेला डे मॉइनला गेलो असतो. आता दे, हात दुखतात."

व्हर्लाने चेंडू दिला. छातीपासून सरळ, जोरात, बाईने झेलला हेच नवल. आर्लिसने तो बास्केटमध्ये टाकला.

मग जे व्हायचं ते झालं. ड्वेन म्हणाला हा गुण आर्लिसचा, मास्तर म्हणाले चेंडू हिसकला आणि पास दिला व्हर्लाने, तेव्हा अर्धा तिचा. कुणी म्हणालं नियमात अर्धा गुण नसतो. आर्लिस म्हणाली, "ड्वेन, मत घे आणि गप्प बस." ड्वेनने घसा साफ केला आणि विचारलं, पाचव्या जागेवर रॉडनीऐवजी व्हर्ला कुणाकुणाला हवी. पहिला हात आर्लिसचा वर गेला. मग मास्तरांचा, माझा, पाद्रीबाबांचा, मग सगळ्या बाकांवरचे. ड्वेनने आजूबाजूला बघितलं आणि आपलाही वर केला.

व्हर्ला मधल्या रेषेवरच उभी होती, गाल ओले, आणि तिने दोन्ही हात वर केले होते.

"एका माणसाला एकच मत, व्हर्ला," ड्वेन म्हणाला.

"मोज तू," ती म्हणाली. "आज माझे मोज."