बाळू म्हणायचं नाही

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीमागे जी बाई बसते, तिला सगळं स्थानक ‘भोंगा’ म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि तिला त्याचं काही वाटत नाही, कारण आवाजच तसा आहे. मध्यंतरी माईक बंद पडला होता, तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांशी तिचं एकदा तरी वाजलेलं आहे. ती भांडण उकरून काढत नाही, पण समोर आलेलं कधी वाया घालवत नाही.

तिचा एकच हट्ट सगळ्यांना छळतो. माणूस हरवल्याची घोषणा करायची तर ती आधी नाव विचारते. एकदा एक जण धापा टाकत आला, “आजोबा चुकलेत, निळा सदरा आहे!”

“नाव काय?”

“अहो, निळा सदरा सांगा ना!”

“सदरा हरवलाय की माणूस?” भोंग्याने विचारलं, आणि नाव वदवून घेतल्याशिवाय बटण दाबलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर या बाईला मुलगा झाला. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी उलटा धरला, तळवे चोळले, पाठ चोळली, तेव्हा कुठे बारीक कुरकुरला. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंचा जीव तोवर टांगणीला लागला होता, आणि पोरगं घरी आलं तरी तो पुरता खाली उतरला नव्हता.

नाव अजून ठरलं नव्हतं. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. आधी सगळे ‘बाळ’ म्हणाले, मग ‘बाळ्या’, आणि आठवड्याच्या आत सासूबाई पाळण्याशी वाकून गोड आवाजात म्हणाल्या, “काय रे बाळू? भूक लागली माझ्या बाळूला?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “बाळू म्हणायचं नाही!”

खिडकीच्या काचा हादरल्या. पोर दचकलं. मेकॅनिक नवरा दाढी करत होता, त्याने हनुवटी कापून घेतली. सासूबाईंना कळेना, आपण अशी काय शिवी दिली!

“अगं, लाडाने म्हटलं मी.”

“लाडानेसुद्धा नाही, आई. दुसरं काहीही म्हणा. माकड म्हणा.”

बाळंतीण आहे, डोकं फिरलं असेल, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण सवय ती सवय. दिवसातून दहादा कोणी ना कोणी ‘बाळू’ म्हणे आणि दहादा घरात वीज पडे.

यावर उपाय म्हणून धाकटी नणंद मोबाईल घेऊन बसली. तिच्याकडे नावांचा पाऊसच होता. सगळी दोन अक्षरी, सगळी बोबडं बोलल्यासारखी, आणि अर्थ विचारावा तर प्रत्येकाचा एकच, ‘प्रकाश’. “तुमच्या गल्लीत एवढा उजेड पडलाय, तर वीजबिल तरी कमी येतं का?” भोंग्याने विचारलं. यातल्याच एका नावाचा मुलगा मागे स्थानकावर चुकला होता. तिने घोषणा केली, तर त्या नावाची तीन पोरं खिडकीशी हजर झाली आणि चुकलेला मुलगा त्यात नव्हताच.

“मग तुझ्या मनात काय आहे ते तरी सांग,” नवरा म्हणाला.

“मुकुंद.”

नणंद फिसकन हसली. “वहिनी, हे नाव निवृत्त झालेल्या माणसाचं असतं!”

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहराच उतरला. “नाव जुनं आहे, चांगलं आहे. पण आपल्याकडे पोरं नाव धड ठेवतात का? शाळेत गेल्याबरोबर मुक्या करतील त्याचा. आधीच हा जन्मल्यावर रडला नाही. त्यात येताजाता मुक्या, मुक्या... मला नाही सहन व्हायचं.”

“करू देत. मुक्या म्हणणाऱ्याला मी बहिरा करीन.”

आता भोंग्याचा पोरगा मुक्या, ही कोटी सासूबाईंच्या दुःखातही नवऱ्याला सुचलीच, आणि न राहवून तो ती बोलला. त्या दिवशी तो उपाशीच कामावर गेला.

रविवारी नणंदेने धाडस केलं. केकच घेऊन आली, आणि त्यावर हिरव्या क्रीमने तिच्या पसंतीचं नाव. शेजारपाजारचे चार जण सोबत, म्हणजे वहिनी चारचौघांत काही बोलणार नाही, हा हिशेब. वहिनीला ती अजून ओळखत नव्हती. भोंग्याने सुरी घेतली, नावापुरता तुकडा नीट कापला आणि नणंदेच्या ताटलीत ठेवला. “घ्या. आणलंत तुम्ही, संपवा तुम्हीच.” बाकीचा कोरा केक तिने सगळ्यांना हसून वाटला.

शेजारी गेल्यावर सासूबाईंनी दार लावलं. “आता बोल. एवढं काय आहे त्या नावात?”

मग तिने सांगितलं. बोलताना आवाज पहिल्यांदाच इतका खाली गेला की सगळ्यांना जवळ सरकावं लागलं.

तिचे वडील लग्नाआधीच गेले होते, त्यांचं नाव या घराने लग्नपत्रिकेवर एकदा वाचलं असेल तेवढंच. ते स्थानकासमोरच्या लॉजवर कामाला होते. बादल्या वर नेणं, चादरी बदलणं, गिऱ्हाइकाच्या बॅगा उचलणं. पहिल्या दिवशी मालकाने नाव विचारलं. हे म्हणाले, मुकुंद. मालक म्हणाला, “तीन अक्षरं कोण ओरडत बसणार? आमच्याकडे बाळूच असतो.” आधीच्या गड्यालाही बाळूच म्हणत. झालं, तेव्हापासून हे बाळू. डोकं पांढरं झालं, गुडघे गेले, तरी जिन्याखालून हाक यायची, “ए बाळू!” कालची पोरं तीच हाक मारायची.

“मी लहान होते. आईने डबा घेऊन पाठवलं. गल्ल्यावर जाऊन मी विचारलं, मुकुंद आहेत का? मालक म्हणाला, इथे असं कोणी नाही. बाबा जिन्यात उभे होते, आई. हातात चादरींचा गठ्ठा. त्यांनी ऐकलं, आणि ते काही बोलले नाहीत. मी डबा घेऊन घरी परत आले. ते त्या दिवशी जेवले नाहीत, आणि रात्री घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मुक्या म्हणतील याची भीती तुम्हाला वाटते ना? मुका तर तेव्हाच केला होता त्यांना. ते गेले तेव्हा लॉजवरचे लोक आले आणि म्हणाले, बाळू गेला. चांगला होता बाळू. मला ते नाव परत हवंय. कोणी फारसं वापरलेलंच नाही ते. कोरं आहे.”

नणंद रडत होती. सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. नाव ठरलं की नाही, ते त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात लस टोचून सासू-सून परत येत होत्या. पोर सासूबाईंच्या खांद्यावर होतं. लॉज आलं तशा सासूबाई थांबल्या. “हेच ना?”

“हो. चला आई, ऊन आहे.”

पण त्या पायऱ्या चढून आत गेल्यासुद्धा. मालक आता म्हातारा झाला होता, तरी गल्ला त्याने सोडला नव्हता. सासूबाईंनी त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, “मुकुंद आहे का?”

“मुकुंद?” मालकाने चष्म्यावरून पाहिलं. “इथे असं कोणी नाही, बाई.”

“आहे तर. हा काय.” त्यांनी पोर पुढे धरलं.

म्हातारा गोंधळला. मागे उभ्या भोंग्यावर नजर गेली तसा त्याचा चेहरा खुलला. माणूस काही दुष्ट नव्हता, आणि तीच तर खरी चीड होती. “अरे, तू आमच्या बाळूची मुलगी ना! आणि हा नातू? अगदी आजोबाच!” त्याने पोराच्या गालाला बोट लावलं. “काय रे बाळू?”

टोचलेलं पोर नेमकं तेव्हाच जागं झालं आणि त्याने जो टाहो फोडला, तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. आवाज कोणाचा घेतला होता, ते सांगायला नको.

“बाळू नाही,” सासूबाई त्या गोंगाटातच म्हणाल्या. “मुकुंद. याच्या आजोबांचंही तेच नाव होतं. म्हणा.”

मालकाने इकडेतिकडे पाहिलं. गिऱ्हाइकं बघत होती. तो पुटपुटला, “मुकुंद.”

भोंगा गल्ल्यावर दोन्ही कोपर टेकून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “जिन्यात ऐकू जाईल असं म्हणा.”