चिंचोक्यांची पाटी

काल जुन्या अर्जांची पेटी रिकामी करताना तळाशी ती पाटी हाताला लागली आणि डिंकाचा वास आला. बालाघाटच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस म्हणून मी नुकताच बसू लागलो होतो, तेव्हाची ही आठवण.

बिरसा गावाकडच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांचे शिक्षण मराठीत झालेले आणि अर्ज हिंदीत हवा होता. शिक्षक-प्रशिक्षणासाठी निवड झाली नाही, तर त्यांची नोकरी जाणार होती. त्यांनी पिशवीतून ही पाटी काढली. तिच्यावर चिंचोके चिकटवून अक्षरे केलेली होती. मुले त्यांवरून बोट फिरवून शिकत.

"भाऊ, हे बी अर्जाले जोडा."

"बाई, अर्जाले कागद जोडतात. चिंचोके पाहून साहेब म्हणन, चिंच कोनं खाल्ली?"

त्या हसल्या. "मंग लिहा तरी, का मी असं शिकवते."

मी ते लिहिले नाही. साहेबांपुढे चिंचोक्यांचा उल्लेख मला हलका वाटला. 'परम दयालु', 'प्रजावत्सल' अशा शब्दांनी मी दोन पाने भरली आणि स्वतःच्याच भाषेवर प्रसन्न झालो.

महिन्याभराने नकार आला. अर्जदार कसे शिकवते, याचा अर्जात उल्लेख नाही, असे कारण त्यात दिले होते. तो कागद माझ्यापुढे ठेवून बाईंनी एवढेच विचारले, "काहून नाही लिहिलं, भाऊ?"

अर्जाच्या दिवशी माझ्याकडे ठेवलेली पाटी न घेताच त्या निघून गेल्या.

काल डोळे मिटून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. बरेच चिंचोके गळले आहेत. तरीही प्रत्येक अक्षर ओळखता आले.