जोडव्याखालची गाठ

बायांनो, बीडच्या बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेतून लिहितेय. नेकनूरच्या गाडीला अर्धा तास आहे. सासूबाई बाहेर बाकड्यावर बसल्यात.

दोन महिन्यांपासून पायाच्या बोटावर, जोडव्याखाली लालबुंद मांस वाढत होतं. नुसती चादर लागली तरी भळाभळा रक्त. जोडवं त्यात रुतलं, निघेना. सासूबाई म्हणायच्या, "चामखीळ हाय, गळंल." मी मनात कॅन्सर धरून बसले होते.

आज इथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जोडवं कापायला पक्कड उचलली, तर सासूबाई आडव्या आल्या. "सवाष्णीचं जोडवं कापतेत व्हय? माझ्या लेकाचं काय?" दोघींच्या मधे टेबलावर माझा पाय.

शेवटी कापलं. गाठ काढून तपासायला पाठवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायोजेनिक ग्रॅन्युलोमा दिसतोय, रक्तवाहिन्यांची साधी गाठ. कॅन्सर वाटत नाही, तरी तपासू. जोडवं घासून झालंय. आता त्या बोटात काहीच घालू नका."

दवाखान्याच्या पायरीवरच सासूबाईंनी पिशवीतून हळदीचा दोरा काढला आणि पट्टीवरूनच बोटाला बांधला. घट्ट.

बोट ठणकतंय. इथं काउंटरवर कात्री पडलीय.

तुम्ही उचलली असती का?