हळद, चुना आणि वहिनीचे हात

आठवीत असताना मी मनानंच एक मुलगी रचली होती. तिच्या बोटांत रसायनं होती. गढूळ पाणी ती बोट बुडवून निवळायची, तळव्यानं लोखंडाचा गंज पुसायची आणि राग आला की पाणी पडलेल्या चुन्याच्या कळीसारखी फसफसायची. दुपारी आमच्या ओट्यावर गल्लीतल्या मुली जमायच्या, त्यांना मी तिच्या गोष्टी सांगायचे.

ताडकळसच्या शाळेत प्रयोगाचं सामान एकाच कपाटात होतं. प्रयोग मुलं करायची, आम्ही मुली मागून माना उंचावून बघायचो. घरी आलं की मला चैन पडत नसे. चुलीपाशी सापडेल ते एकमेकांत मिसळून बघायचे. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते रक्तासारखं लाल होतं आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं, हे मला तिथंच कळलं.

समोरच्या घरी शेळ्यामेंढ्या होत्या. त्या घरची नवी सून, जिला आम्ही वहिनी म्हणायचो, लग्नापासून नीट जेवत नव्हती, बोलतही नव्हती. त्यातच दोन करडं मेली. सासू म्हणायला लागली, हिच्या अंगात काहीतरी हाय. एका सकाळी देवरशी आला.

"आपल्या घरात धर्म बदलल्यापासून हे बंद हाय," आई म्हणाली. "पण दुसऱ्याच्या दारात आपण काय बोलावं? तू जाऊ नको."

मी आतबाहेर करत राहिले. शेवटी आई विहिरीवर गेल्याचं बघून समोरच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

देवरशानं वहिनीचे हात मंतरलेल्या पाण्यानं धुतले आणि सुकू दिले. मग परातीतलं हळदीचं पाणी त्यावर ओतलं. तळवे लालभडक झाले. बायका मागं सरकल्या.

"रक्त दाखवायलंय," देवरशी म्हणाला. "डाग द्यावा लागंल. पळी तापवा."

सासू चुलीकडं वळली. वहिनी हात तसेच पुढं धरून बसली होती, डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. आपलं चुकलं तर काय, असं मला वाटत होतं. पण पळी तापायला वेळ लागणार नव्हता. परातीशेजारी देवरशाचं कापलेलं लिंबू होतं. ते मी उचललं आणि वहिनीच्या तळव्यांवर पिळलं.

लाल रंग मिटत गेला. हात पिवळे झाले.

देवरशानं क्षणभर माझ्याकडं रोखून बघितलं, मग सासूला म्हणाला, "उतरलं. कवळ्या पोरीच्या हातानंच उतरायचं व्हतं. आता डागाचं काम न्हाई."

"मावशी, त्या मंतरलेल्या पाण्यात चुना होता," मी सासूला म्हणाले. "हळद लाल होती त्यानं. लिंबानं परत पिवळी होती. यात अंगातलं काही न्हाई."

"आसंल, बाई," ती म्हणाली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "पण हात तुझाच लागला का न्हाई?"

देवरशी दक्षिणा म्हणून एक करडू घेऊन गेला. मी मात्र घरी येऊन जेवले नाही. वहिनी वाचली होती, आणि तरी खरं कुणालाच पटलं नव्हतं. आईनं माझ्याकडून सगळं ऐकलं. रागावेल असं वाटलं, पण तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

दोन दिवसांनी वहिनी विरजण मागायला आली आणि हळूच म्हणाली, "मला दाखव."

मी वाटीत हळद कालवली. चुना तिनं स्वतःच घातला, मग लिंबू पिळलं. पुन्हा चुना, पुन्हा लिंबू. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. हसता हसताच ती म्हणाली, "मला माहेरची लय आठवण यायलीय. म्हणून घास उतरत न्हाई. बाकी कायीच न्हाई."

हे आईनं ऐकलं. संध्याकाळी ती समोर गेली आणि सासूपाशी बराच वेळ बसली. बाजाराच्या दिवशी वहिनीचा भाऊ येऊन तिला माहेरी, राणीसावरगावला घेऊन गेला. परत आली तेव्हा ती जेवत होती, सासूशी भांडतही होती.

माझी सुटका मात्र झाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस बायका तापलेली लेकरं घेऊन आमच्या दारात यायच्या. "नुसता हात ठेव," म्हणायच्या. मी चप्पल घालायचे आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जायचे.