पिल्लाखालची ओळ

लेकीच्या नव्या खोडरबराला अननसाचा वास येतो आणि मला माजलगावची सहावी आठवते. शाळेत रानातल्या प्राण्यांचं एकच रंगीत पुस्तक होतं, ते मला जवळजवळ पाठ होतं. दिवाळीनंतर बाईंनी ते माझ्याकडून घेतलं आणि आईबापासोबत ऊसतोडीला निघालेल्या एका मुलीला दिलं. "तुझ्या अप्पांचं वह्यापुस्तकांचं दुकान हाय, तुला काय कमी?" म्हणाल्या. पाच महिने मी नुसती जळत होते. ती परतली तेव्हा पुस्तकाला चुलीच्या धुराचा वास येत होता, आणि 'बिबट्याचे पिल्लू' या ओळीवर काट मारून तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रानमांजराचं हाय.' मी ओरडले, "बाई, हिनं पुस्तक खराब केलं!" ती शांतपणे म्हणाली, "उसाच्या फडात असली तीन घावली व्हती. म्या हातात घेतली. बिबट्याच्याला ठिपके असत्यात, याला न्हाईत." सगळा वर्ग तिच्याभोवती जमला, माझ्याकडं कुणी बघेना. मधल्या सुट्टीत मी दुकानातल्या वासाच्या खोडरबरानं तिचं अक्षर खोडलं, पार कागद फाटेपर्यंत. परवा तेच पुस्तक नव्यानं छापलेलं मिळालं. पिल्लाखाली आता 'रानमांजराचे पिल्लू' असं आहे. लेक म्हणाली, "आई, हे तर बिबट्यासारखं दिसतंय." म्हटलं, "नाही गं, बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात." "तुला काय माहीत?" "मी हातात घेतलं होतं, उसाच्या फडात," मी सांगून मोकळी झाले.