काळ्या मण्याची तार

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या पौषात माझी बायको वारली आणि चैत्रात गावचा सप्ता आला.

आमचं गाव भोकरदनच्या बाजूचं. सप्ता म्हणजे आठवडाभर देवळात भजन चालू, आणि तेवढे दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, मग देणारा वयानं धाकटा का असेना. ही वीणा वर्षभर माझ्या घरी राहते, कारण तिला जिवंत केली ती मी.

मी चाळिशीला टेकलो होतो तेव्हा देवळाच्या माळ्यावर ती मला सापडली. भोपळा तडकलेला, दोन खुंट्या गायब, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तिरकी. पोत्यात घालून जुन्या जालन्यातल्या वाद्यांच्या दुकानात नेली. दुकानदारानं बोटानं भोपळा वाजवला आणि म्हणाला, "काका, ही चुलीत घाला, नवी घ्या." मला हे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तारा तेवढ्या विकत घेतल्या आणि वीणा पोत्यात घालून परत आणली.

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण भोपळ्याला शाळा लागत नाही. त्याच्या तोंडावरची पातळ फळी, तिला तबली म्हणतात, ती पाणी लावून लावून सोडवली. आतून सरस आणि लाकडाचा भुसा भरला, वरून धोतराची पट्टी चिकटवली. बाभळीच्या खुंट्या केल्या. त्या सरकायच्या, मग त्यांना खडू घासला. शाळेतली तेवढी एकच वस्तू माझ्या कामी आली. घोडी घासायला सगळा उन्हाळा गेला. घोडीचा माथा बराबर घासला गेला तरच तार गुणगुणते, नाहीतर नुसती टणटण वाजते. पुढं मोबाइल आले तेव्हा त्यात एक माणूस घोडी घासताना दिसला. मी बघितलं आणि म्हणालो, हा चुकीचं घासून राह्यला.

घोडीच्या खाली, तार जिथं बांधलेली असते तिथं, प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. खुंटी पिळून तार ढोबळ लागते. मग मणी खाली सारला की तार केसभर चढते, वर सारला की केसभर उतरते. वीणेला चार तारा. मधल्या दोन जोडीच्या, त्या दोन्ही मिळून एकच वाजल्या पाहिजेत. त्या जोडीतल्या एकीचा मणी मुळातच हरवलेला होता. बायकोनं तिची जुनी पोत गाठून घेतली तेव्हा एक काळा मणी उरला, तो तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तिला तरी सजवा."

वीणेवरून ती मला नेहमी टोचायची. मी मखमलीची गवसणी शिवून आणली तेव्हा म्हणाली, "घरात आम्ही दोघी. एकीला मखमल, दुसरीला ठिगळं." मी म्हणालो, "ती बोलत न्हाई." ती म्हणाली, "बोलती की. तुम्हाला ऐकू येतंय तवर बोलंल."

घरात माझा एक नियम होता. वीणेला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मुलानं नाही, सुनेनं नाही, बायकोनंही नाही. एकादशीला देवळात भजन असायचं. आदल्या संध्याकाळी मी ओसरीवरच्या बाजेवर बसून वीणा लावायचो. माझी पद्धत अशी की आधी सगळे मणी वर, घोडीपर्यंत एका ओळीत सारायचे, मग नव्यानं खुंट्या पिळायच्या. सकाळी आंघोळ करायची, वीणा गळ्यात घालायची आणि निघायचं. पखवाजवाला, माझा लहानपणचा दोस्त, मला न्यायला यायचा. माझी आंघोळ होईपर्यंत ओसरीवर चहा पीत बसायचा.

पुढच्या खेपेला वीणा काढली की मणी खाली सरकलेले दिसायचे. कधी दोन, कधी चारही. मी चिडायचो. देवळात कुणीतरी हात लावतं, नाहीतर चालण्याच्या हिसक्यानं सरकतात, असं म्हणायचो. बायको चुलीपुढून म्हणायची, "हिसक्यानंच आसंल."

ती गेल्यावर मी गवसणी सोडलीच नाही. एकादश्या आल्या आणि गेल्या. तिच्या अंगावरचं होतं ते सुनेला दिलं, लुगडी लेकी घेऊन गेल्या. घर जल्दी रिकामं होतं. सप्त्याच्या आदल्या दिवशी भजनी मंडळी आली, म्हणाली, "बाबा, वीणा तर पाहिजे." मग दुपार कलल्यावर बाजेवर बसलो आणि गवसणी काढली. मणी खाली सरकलेलेच होते. सवयीनं चारही वर सारले, खुंट्या पिळल्या, तारा लावल्या. सून दारात उभी होती. काहीतरी बोलायचं असल्यासारखी उभी राहिली आणि आत गेली.

संध्याकाळी तालमीला देवळात सगळे जमले. पेटीवर शेजारच्या गावचा शाळामास्तर होता, जेमतेम तिशीचा, गुणी. त्यानं सूर धरला, मी तारा छेडल्या. त्यानं पेटी थांबवली.

"बाबा, जोडीची एक तार उतरलीय का बघा बरं."

"न्हाई उतरली."

"पेटीला जुळून न्हाई राह्यली."

"मंग पेटी जुळव."

मागं कुणीतरी हसलं. मास्तर मान खाली घालून म्हणाला, "पेटीचे सूर जागचे हालत न्हाईत, बाबा."

"हालत न्हाईत तर उंदरानं खाल्ले आसतील. बत्तीस वर्षं मी वीणा लावून राह्यलो. तू जन्मला तवा ही वाजत होती."

आता सगळे हसायला पाहिजे होते. कुणी हसलं नाही. टाळकरी टाळांच्या दोऱ्या बघत बसले. मी पखवाजवाल्याकडं बघितलं, तो पखवाजाला कणीक लावत होता. आधी लावलेलीच कणीक पुन्हा लावत होता.

मी वीणा गळ्यातून काढली, गवसणीत घातली आणि निघालो. पखवाजवाला मागून आला. वेशीपर्यंत तो मागंच चालला. मग तो माझ्या डाव्या बाजूनं उजव्या बाजूला आला. तो नेहमी तसं करतो. मला वाटायचं, त्याचा खांदा दुखतो.

"गड्या, एक सांगू? रागावशील."

"रागावलेलोच हाय. सांग."

"मास्तरची पेटी बराबर हाय."

मी थांबलो नाही.

"तुझा कान गेलाय. आज न्हाई, लई दिस झाले. तुझी काळी म्हैस मेली त्या सालापासून तार उतरलेली राह्यती."

"मंग इतकी सालं भजन कसं झालं? कुणी बोललं न्हाई ते?"

"बोलायचं कामच पडलं न्हाई. वैनी लावायच्या."

आता मी थांबलो.

"तू आंघोळीला गेला की वैनी बाजेवर बसायच्या. मला म्हणायच्या, भाऊजी, सूर धरा. मी बारीक आवाजात आऽऽ धरायचो. त्या मणी सारायच्या. खुंटीला कधी हात न्हाई लावला. म्हणायच्या, खुंट्या त्यांच्या, मणी तेवढे माझे. न्हाणीतला तांब्या वाजायचा थांबला की वीणा जिथल्या तिथं."

"तुम्ही दोघांनी मला येडा केला."

"येडा कशाला करू? मी म्हणलो होतो, वैनी, सांगून टाका एकदा. त्या म्हणाल्या, शेत पोराच्या हाती गेलं, बैल इकले, गावात आता कुणी त्यांना काही इचारत न्हाई. वीणेपुरतं तरी इचारू द्या."

"देवळात कुणाकुणाला म्हाईत हाय?"

तो उत्तर द्यायच्या ऐवजी म्हणाला, "लोकं तुझ्यापाशी मोठ्यानं बोलतात, तुझ्या ध्यानात न्हाई आलं?"

मला तर उलटं वाटत होतं. मला वाटत होतं, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. फक्त बायको स्पष्ट बोलायची. ती समोर येऊन, माझ्या तोंडाकडं बघून बोलायची. तो तिच्या स्वभावातला करडेपणा आहे असं मी धरून चाललो होतो.

"घरी जा तुझ्या," मी त्याला म्हणालो. तो गेला.

ओसरीवर अजून उजेड होता. गवसणी काढली आणि वीणा मांडीवर घेतली. चारही मणी घोडीला टेकून एका ओळीत बसलेले, माझ्या हातानं बसवलेले. दुपारपर्यंत ते तिनं ठेवले तिथं होते. मार्गशीर्षातल्या शेवटच्या एकादशीला, अंगात ताप असताना, ती बाजेवर बसली असेल आणि पखवाजवाल्यानं सूर धरला असेल. त्यानंतर वीणेला कुणाचा हात लागला नव्हता. तीन महिन्यांत तार उतरणारच, हे मला कळतं. सूर राहिला नसता. पण मणी तिथं राहिले असते. ती जागा कुठली होती हे मी बघितलंसुद्धा नाही. मी नेहमीसारखा चिडलो होतो आणि सारून मोकळा झालो होतो.

काळा मणी बोटानं थोडा खाली सारला. तार छेडली. अजून थोडा सारला, पुन्हा छेडली. कान भोपळ्याला लावला. तारेची थरथर गालाला लागत होती, पण जोडी जुळली की नाही ते मला सांगता आलं नाही. चाळिशीत मी अंगणापलीकडून ऐकून सांगायचो की कुणाच्या वीणेची कुठली तार उतरली. सून दिवा लावायला आली.

"मामा, आत घेऊ का वीणा?"

"तुला म्हाईत होतं?"

ती घाबरली. मग माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आत्याबाईंनी मणी सारायला शिकवलं होतं. तुमच्या माघारी. मी बघूनच शिकले, कधी हात न्हाई लावला."

मी मणी पुन्हा वर सारले, एका ओळीत, आणि वीणा स्वतः आत नेऊन ठेवली. त्या दिवशी जेवलो नाही. मास्तरला सांगून येऊ का, की वीणा तू सांभाळ, असंही मनात आलं. माझ्यानं उठवलं नाही.

सकाळी पखवाजवाला आला. येईल असं वाटलं नव्हतं. खाली मान घालून ओसरीच्या कडेला बसला. मी वीणा बाहेर आणली, गवसणी काढली आणि बाजेवर ठेवली. सुनेला हाक मारली.

"याला चहा दे. अन् इथंच थांब, घरात जाऊ नको. मला येळ लागंल."

पंचा घेतला आणि न्हाणीत गेलो. दोन बादल्या पुरतात, त्या दिवशी चार काढल्या. तांब्या दगडावर आपटून आपटून पाणी घेतलं, म्हणजे बाहेर कळावं की मी अजून आत आहे. बाहेरचं मला काही ऐकू आलं नाही. पाणी संपलं तरी रिकामा तांब्या बादलीत घालत बसलो.

बाहेर आलो तेव्हा चहाचा कप तसाच भरलेला होता आणि काळा मणी खाली सरकलेला होता. तार न छेडता मी वीणा गळ्यात घातली आणि देवळाकडं निघालो.