सेंगकांग: आईला आणायला गेले होते

सिंगापूरला गेलेली मंडळी सहसा खाडीकाठचे मनोरे आणि प्राणिसंग्रहालय बघून परततात. मी त्यातलं काही पाहिलं नाही. पाच दिवस मी सेंगकांगमध्ये होते. शहराच्या ईशान्येला असलेलं हे दाट वस्तीचं उपनगर, सगळं राहत्या माणसांचं, पर्यटकांचं नव्हे. आपल्यातली बरीच मुलं हल्ली त्या बाजूला घर घेतात आणि मागाहून त्यांचे आईवडील तिथे जातात, म्हणून हे लिहिते आहे.

मी गेले ते आईमुळे. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी माझा धाकटा भाऊ निखिल तिला आपल्याकडे घेऊन गेला. तिच्या लाँग टर्म व्हिजिट पासची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. निखिल फोनवर म्हणाला, "ताई, फॉर्म या आठवड्यात भरायला हवा. आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तू येऊन विचार."

मी विचारायला नव्हे, आणायलाच निघाले. चौदाव्या मजल्यावर, भाषा न येणाऱ्या गावात ती दिवसभर एकटी बसत असणार, हे मी पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं. माझ्याच परतीच्या विमानात तिच्यासाठी जागा आहे का, हेही पाहून ठेवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. व्हिसा एजंटमार्फत काढावा लागतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. विमानतळावरून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, येता येतं, पण गाड्या बदलाव्या लागतात. सामान असेल तर टॅक्सी बरी. मला पंचवीस डॉलरच्या आसपास पडले.

टॅक्सी निखिलच्या ब्लॉकपाशी (तिथे अख्ख्या इमारतीला ब्लॉक म्हणतात) थांबली तेव्हा मृदुला, म्हणजे निखिलची बायको, घ्यायला खाली आली होती. इथल्या सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवतात, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे पांढरे पडदे लावून गोल टेबलं मांडली होती, पंखे फिरत होते, एका फोटोपुढे उदबत्त्या जळत होत्या. शेजारच्या घरातले लिमकाका आदल्या दिवशी गेले आणि अंत्यविधीपर्यंत त्यांना इथेच ठेवणार आहेत, असं मृदुलाने हळू आवाजात सांगितलं.

"आई कुठे आहे?"

"त्या काय," ती म्हणाली.

आई एका टेबलाशी चार चिनी बायकांमध्ये बसली होती. समोर सोनेरी कागदांची चळत. मृताबरोबर जाळण्यासाठी त्या कागदांच्या लहान होड्यांसारख्या घड्या घालतात. वर्षानुवर्षं वाती वळलेली आईची बोटं भराभर चालली होती. मला पाहून ती म्हणाली, "आलीस? वर जाऊन हातपाय धू. माझं एवढं होऊ दे."

मी वर गेले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. सुतक वगैरे मी मानत नाही, तरी मृदुलाला म्हणाले, "परक्यांच्या घरचं मयत, हिला काय गरज?"

दुसऱ्या दिवशी आईला बरोबर चल म्हटलं. तिला खाली जायचं होतं. मग दहा वर्षांच्या भाचीला, सईला, घेऊन मी गाव बघायला निघाले. सेंगकांग स्टेशनवरून ड्रायव्हर नसलेली छोटी एलआरटी सुटते. तिच्या दोन फेऱ्या आहेत, एक पूर्वेची, एक पश्चिमेची. आपलं बँकेचं कार्ड दाराशी टेकवलं की झालं, भाडं एक-दीड डॉलर. गाडी उंचावरून जाते, त्यामुळे तासाभरात अख्खं उपनगर नजरेखालून जातं. ब्लॉकमागून ब्लॉक, प्रत्येकावर मोठा आकडा, बांबूंवर वाळणारे कपडे, शाळा, दवाखाने, पुन्हा ब्लॉक. पूर्वी ही कोळ्यांची वस्ती होती म्हणतात. आता पाणी उरलंय ते नदीकाठच्या बागेत. तिथे सकाळी नक्की जा, बगळे दिसतात.

जेवायला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, गेलो. शाकाहारी स्टॉलवर तांदळाच्या शेवया आणि दोन भाज्या चार डॉलरना मिळाल्या. मी तिसऱ्या भाजीकडे बोट दाखवलं तर सई म्हणाली, "आत्या, धिस वन गॉट एग. कॅनॉट."

"आजीला सोडून आपण फिरतोय. तिला कंटाळा येत असेल ना गं इथे?"

"आजी? व्हेरी बिझी लाह. होल ब्लॉक नोज हर. मला लिफ्टमध्ये सगळे विचारतात, पोपोने खाल्लं का?"

पोपो म्हणजे त्यांच्यात आजी. मी शेवया संपवल्या. मुलांना काय कळतं, असं मनाशी म्हटल्याचं आठवतं.

संध्याकाळी आईबरोबर खाली गेले. लिमकाकांच्या पत्नी लिमबाई (हे नाव आईनेच ठेवलेलं) उठल्या नाहीत, त्यांनी नुसता आईचा हात धरला. त्यांना तुटकं इंग्रजी येतं, आईला त्याहून तुटकं. दोघी जवळजवळ तासभर न बोलता बसल्या. निघताना आई तशीच उठली, निरोप नाही, काही नाही. अशा घरून निघताना आपण 'येते' म्हणत नाही, त्यांच्याकडेही म्हणत नाहीत.

बाहेर एका ताटलीत लाल दोऱ्याचे तुकडे ठेवले होते. सगळे एकेक उचलत होते. मीही उचलला आणि देवळात बांधून घेतात तसा उजव्या मनगटाला नीट गाठ मारून बांधला. मनात नमस्कारही केला. लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ माझ्या हाताकडे बघून अंग चोरून उभे राहिले.

"अगं, तो सत्यनारायणाचा नाही," आई म्हणाली. "मुठीत धरायचा आणि घरात शिरण्याआधी टाकायचा. मयताची छाया दाराबाहेर राहावी म्हणून असतो तो. काढ."

गाठ सुटेना. तिनेच ती दातांनी सोडवली, दोरा लिफ्टबाहेरच्या डब्यात टाकला आणि कुलूप उघडलं. या गावात काय करायचं ते तिला माहीत होतं. नव्या माणसासारखी मी उभी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिमकाकांना नेलं. नंतर आम्ही दोघी ब्लॉकखालच्या कॉफीच्या दुकानात बसलो.

"फॉर्मचं काय करायचं, आई?"

"भरू दे निखिलला."

"माझ्याबरोबर चल. इथे तुझं कोण आहे?"

"लिमबाईंचा मुलगा लांब, मरीन परेडला राहतो. तो सोमवारी कामावर जाईल. त्यांच्यात एकोणपन्नास दिवस पाळतात, पण पाहुणे आजच निघाले बघ."

"पास एकोणपन्नास दिवसांचा नसतो गं. वर्षाचा प्रश्न आहे."

ती कॉफी ढवळत राहिली. मग म्हणाली, "बाबांच्या वेळी तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी निखिल विमानात बसला. तुझ्या कॉलेजात परीक्षा होत्या, तू गेलीस. मी सवयीने सहा कप चहाचं आधण ठेवलं."

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला जायलाच हवं होतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर उत्तर देता आलं असतं. ज्या एकटेपणातून तिला सोडवायला मी समुद्र ओलांडून आले होते, तो तिने पुण्यात काढला होता, माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तिला खरोखर तिच्यासाठी न्यायला आले होते की माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून, याचं उत्तर मी त्या टेबलाशी शोधलं. अजून पुरतं मिळालेलं नाही.

निखिलने त्या संध्याकाळी फॉर्म भरला. उरलेले दिवस मी सकाळी बागेत जायचे. आई लिमबाईंकडे पोळ्या घेऊन जायची, दार लोटून बसायची, अकराला परत यायची.

मी एकटीच परतले. नातेवाईक विचारतात, आई आली का नाही. नातीत जीव अडकलाय, असं मी सांगते. सगळ्यांना पटतं आणि विषय संपतो. चौदाव्या दिवसाबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही. ते इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.